सतरा वर्षं पेशंट सांभाळले आणि हॉस्पिटल म्हणतं वॉर्डबॉय म्हणून या

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मिस्टर एएमसीत, म्हणजे आर्मी मेडिकल कोअरमधे हवालदार, ट्रेड नर्सिंग असिस्टंट (एन.ए.), सर्व्हिस सतरा वर्षं, वय ३७, अर्ज देऊन आठ महिन्यांनी पेन्शनवर घरी येतायत. गाव कोरेगाव तालुक्यात. तुम्ही साताऱ्यात दोन हॉस्पिटलांत चौकशी केलीत, एकाने वॉर्डबॉय म्हणून घेतो सांगितलं, दुसऱ्याने सिक्युरिटी सुपरवायझरची जागा आहे म्हणून सांगितलं, आणि तुम्ही विचारताय की एवढ्या अनुभवाला काहीच किंमत नाही का, कोणता कोर्स केला म्हणजे चांगली नोकरी लागेल, जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, करावं का.

मी स्वतः एएमसीतून नायब सुभेदार म्हणून बाहेर पडलो, बरीच वर्षं ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात काढली, आता कऱ्हाडकडच्या एका हॉस्पिटलात ट्रेनिंगचं काम बघतो, अकरा वर्षं झाली. वर्षाला पाच-सहा जण तरी तुमच्या मिस्टरांसारखे येऊन बसतात समोर, हातात डिस्चार्ज बुक घेऊन. त्यामुळे जरा लांबलचक लिहितोय, चहा ठेवून वाचा.

पहिली गोष्ट, अनुभवाला किंमत नाही असं नाहीये. अडचण नावात आणि कागदात आहे. नर्सिंग असिस्टंट म्हटलं की सिव्हिलमधल्या माणसाला ऐकू येतं नर्सचा मदतनीस, म्हणजे चादरी बदलणारा, स्ट्रेचर ढकलणारा. त्यांना कुठून माहीत असणार की बटालियनच्या एमआय रूमला, म्हणजे दवाखान्याला, डॉक्टरसाहेब रजेवर गेले की सात-आठशे माणसांची सकाळची सिक रिपोर्ट, म्हणजे आजारी जवानांची तपासणी, हाच बघतो, टाके हाच घालतो, आणि वरच्या पोस्टवरून कोणाला हलवायचं, किती घाईने हलवायचं हे वायरलेसवर याच्याच तोंडून विचारलं जातं. पण सिव्हिलमधे पेशंटला हात कोणी लावायचा हे कायदा ठरवतो, आणि कायद्याला अनुभव दिसत नाही, नोंदणी दिसते. नर्सला नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, फार्मासिस्टला फार्मसी कौन्सिलची, लॅब, डायलिसिस, ओटी वगैरेंना पॅरावैद्यक परिषदेची. हॉस्पिटल एनएबीएचवालं, म्हणजे दर्जाची मान्यता घेतलेलं असेल तर त्यांना प्रत्येक स्टाफचं सर्टिफिकेट तपासून फाईलला लावावंच लागतं, इन्स्पेक्शनला ती फाईल उघडली जाते. म्हणजे त्या एचआरवाल्याने तुमचा अपमान केला असं नाही, त्याच्याकडे तुमच्या मिस्टरांना बसवायला दुसरा खणच नव्हता.

आणि यात आर्मीलाही नावं ठेवता येत नाहीत बरं का. आर्मी स्वतः सिपॉय फार्मा भरती करते तेव्हा डी.फार्म आणि स्टेट फार्मसी कौन्सिलची नोंदणी मागते. कागद सगळीकडेच लागतो.

त्यामुळे "कोणता कोर्स चांगला" हा प्रश्न मी जरा फिरवून घेतो. ३७ वर्षांच्या, बारावी सायन्स झालेल्या, पेन्शन चालू असलेल्या माणसाला कोणती नोंदणी मिळू शकते, किती दिवसांत, आणि तेवढे दिवस घर कसं चालेल? उत्तर प्रत्येकाचं वेगळं येतं. मुलं किती मोठी, कर्ज आहे का, शेती कोण बघतं, हे मला माहीत नाही, तेव्हा खालचं सगळं तुमच्या परिस्थितीला लावून बघा.

बारावी सायन्स मी धरून चाललोय कारण टेक्निकल नर्सिंग असिस्टंटच्या भरतीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी, इंग्रजी घेऊन बारावी लागते. ही फार मोठी जमेची बाजू आहे, इन्फंट्रीतून येणाऱ्या पोराकडे ती बहुतेक वेळा नसते, आणि गंमत म्हणजे आमच्या लोकांना तिची आठवणच नसते. सगळे ग्रॅज्युएशनचं सर्टिफिकेट दाखवतात. ते पंधरा वर्षं सर्व्हिसवर मिळणारं समकक्षतेचं सर्टिफिकेट, ते क्लार्क वगैरे ग्रुप सीच्या जागांना चालतं, जिथे पदवी मागितलीय पण तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता मागितलेली नाही. मेडिकलमधल्या जागा सगळ्या तांत्रिकच, तिथे ते दाखवून उपयोग नाही. एक जण माझ्याकडे ते लॅमिनेट करून घेऊन आला होता आणि बारावीचं मार्कलिस्ट कुठे आहे विचारलं तर म्हणे आईच्या ट्रंकेत असेल.

आता जीएनएमचं. तीन वर्षांचा कोर्स, पुरुषांना करता येतो, नोंदणी झाली की सगळीकडे चालतो. पण वयाची वरची मर्यादा साधारण ३५ धरतात, आणि तुमचे मिस्टर ३७. माजी सैनिक म्हणून कुठे सूट मिळतेय का हे त्या वर्षीच्या प्रवेशाच्या माहितीपत्रकात बघा, पण मी त्याच्यावर सगळा प्लॅन उभा करणार नाही. शिवाय तीन वर्षं अठरा-एकोणीसच्या मुलींच्या वर्गात बसायचं, इंटर्नल, जर्नल, असाइनमेंट... जमणारे असतात, पण एकाने सहा महिन्यांत सोडलं आणि फी गेली ती गेलीच.

माझ्या मते तुमच्यासाठी पहिला दरवाजा ईसीएचएसचा. २००३ पासून चालू झालेली माजी सैनिकांची आरोग्य योजना, साताऱ्याला पॉलिक्लिनिक आहे, तुमचं स्वतःचं कार्डही तिथेच लागणार. तिथे काँट्रॅक्टवर नर्सिंग असिस्टंट घेतात, आणि पात्रतेत जीएनएम किंवा आर्मीचा क्लास वन नर्सिंग असिस्टंट कोर्स असं लिहिलेलं असतं. म्हणजे आपला कागद जसाच्या तसा चालणारी ही जागा. लॅब, रेडिओग्राफी, फिजिओ या ट्रेडवाल्यांनाही तसंच. माजी सैनिकांना प्राधान्य असतं. तोटा असा की जागा थोड्या, काँट्रॅक्ट वर्षावर्षाने वाढवायचं, आणि इंटरव्ह्यूला आसपासच्या जिल्ह्यातून सगळे एन.ए. येऊन उभे राहतात. पण मिस्टरांना आजच विचारा, क्लास वन झालंय का? क्लास टूवरच थांबले असतील तर उरलेल्या आठ महिन्यांत काही करता येतंय का ते युनिटमधे बघू द्या. घरी आल्यावर ते होणार नाही.

दुसरा दरवाजा फार लोकांना माहीतच नसतो. जिल्हा परिषदेची आरोग्य सेवक पुरुष ही जागा. २०२३ च्या जाहिरातीत पात्रता विज्ञान घेऊन दहावी होती, आणि बहुउद्देशीय कर्मचाऱ्याचा १२ महिन्यांचा कोर्स झालेला नसेल तर नियुक्तीनंतर पूर्ण करायचा होता, म्हणजे आधी नोकरी मग ट्रेनिंग. राज्यात गट क आणि ड मधे माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे, आणि वयात सर्व्हिसचा काळ अधिक ३ वर्षं अशी सूट धरतात. भरती कधी निघेल हे कोणाच्या हातात नाही, पण निघाली की परीक्षा द्यायचीच. मराठी व्याकरण आणि गणिताची तयारी आत्तापासून, कारण पेपरला आयव्ही लावायला सांगत नाहीत, समास सोडवायला सांगतात.

तिसरं, दोन वर्षांची पदविका. इथे जरा थांबतो. २०२१ साली केंद्राचा अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा आला, त्यात लॅब, डायलिसिस, ओटी, रेडिओलॉजी, इमर्जन्सी हे सगळे व्यवसाय आले. त्या कायद्याची भाषा तासांत आहे. अलाइड हेल्थ प्रोफेशनल म्हणवून घ्यायला किमान २००० तासांचं शिक्षण, दोन ते चार वर्षांत पसरलेलं. म्हणून सहा महिन्यांत डायलिसिस टेक्निशियन, भारत सरकार मान्य, १०० टक्के जॉब असा फ्लेक्स एसटी स्टँडसमोर दिसला की हे २००० तास आठवा. त्यांना फोनवर एकच विचारायचं, कोर्स झाल्यावर परिषदेत नोंदणी होते का, आणि होत असेल तर मागच्या बॅचमधल्या एकाचा नोंदणी क्रमांक दाखवा. तिथेच फोन कट होतो बऱ्याचदा. स्किल इंडियातला आधीच्या अनुभवावर परीक्षा घेऊन मिळणारा दाखला, आरपीएल म्हणतात तो, तो वाईट नाही, बायोडेटात बरा दिसतो, पण तो म्हणजे नोंदणी नव्हे, एवढा फरक लक्षात ठेवा.

पदविकेत माझी पसंती डायलिसिसला. कारण सरळ आहे, २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांत मशिनी बसल्या, प्रायव्हेटमधे तर तालुक्याच्या गावालाही युनिट निघालीत, आणि एकदा डायलिसिसला लागलेला पेशंट आठवड्याला दोन-तीनदा येतोच, त्यामुळे स्टाफ लागतोच. शिवाय आपल्या लोकांचा स्वभाव त्या कामाला जुळतो. चार तास मशीनवर लक्ष, बीपी पडतंय का, सुईच्या जागेतून रक्त येतंय का, प्रत्येक गोष्ट ठरलेल्या क्रमाने. मिस्टर ओटीत राहिले असतील तर मात्र ओटी टेक्नॉलॉजीच करू देत, हात बसलेला असतो, सर्जन लोक अशा माणसाला सोडत नाहीत.

डी.फार्म पण आहेच. दोन वर्षं, बारावी सायन्सवर प्रवेश, नंतर ५०० तासांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग, आणि २०२२ च्या नियमांमुळे आता एक्झिट परीक्षासुद्धा. चाळिशीत आलेल्या दोघांना मी हे करताना बघितलंय, त्यातल्या एकाचं आज गावात स्वतःचं मेडिकल आहे आणि तो हॉस्पिटलच्या ड्यूटीवाल्यांपेक्षा सुखी आहे. फक्त "कॉलेजला यायची गरज नाही, हजेरी आम्ही लावतो" म्हणणारे एजंट भेटतात, त्यांच्या नादी लागू नका, पुढे नोंदणीच्या वेळी निस्तरत बसायला लागतं.

चौथं, कंपन्यांचं. फॅक्टरीत ५०० च्या वर कामगार असले की कायद्याने ॲम्ब्युलन्स रूम ठेवावी लागते. शिरवळ, रांजणगाव, चाकण या पट्ट्यात अशा खोल्या, ओएचसी म्हणतात, बऱ्याच आहेत आणि तिथे एक्स-आर्मी माणूस आवडीने घेतात, कारण मशिनीत बोट गेलेला कामगार समोर आला की तो घाबरत नाही. काही ठिकाणी जीएनएमच मागतात, काही ठिकाणी आर्मीचा क्लास वन चालवून घेतात, ते त्या कंपनीच्या डॉक्टरवर आणि सेफ्टी ऑफिसरवर अवलंबून. चौकशीला पैसे पडत नाहीत.

१०८ बद्दल पण लोक विचारतात म्हणून सांगतो. बाकी बऱ्याच राज्यांत ॲम्ब्युलन्सवर ईएमटी, म्हणजे इमर्जन्सीचं ट्रेनिंग घेतलेला टेक्निशियन असतो, ते काम आपल्या माणसाला अगदी फिट. पण महाराष्ट्रात २०१४ ला ९३७ गाड्यांनी ही सेवा सुरू झाली ती गाडीवर डॉक्टर ठेवूनच, त्यामुळे इथे ती जागा एन.ए.साठी नाही. पुण्या-मुंबईत प्रायव्हेट कार्डियाक ॲम्ब्युलन्सवाले घेतात, पगार बेताचे.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहितो, राग मानू नका. गावी आल्यावर लोक म्हणणार, "दादा एवढी वर्षं दवाखान्यात होतास, आम्हाला जरा सलाईन लाव." सुरुवातीला भावकीतलंच कोणीतरी असतं, नाही म्हणता येत नाही. मग घराच्या पुढच्या खोलीत कॉट येते, मग संध्याकाळी चार चपला दारात दिसायला लागतात. हे करू देऊ नका. नोंदणी नसताना डॉक्टरकी केली तर राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या (एनएमसी) २०१९ च्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि कायदा बाजूला ठेवा, आर्मीत मागे एमएच म्हणजे मिलिटरी हॉस्पिटल होतं, हेलिकॉप्टर होतं, गावात सेफ्ट्रियाक्झोनची रिॲक्शन आली तर मागे कोण आहे? माझ्याच बॅचचा एक हुशार माणूस यात अडकला, पेशंट वाचला म्हणून तो वाचला.

तुम्ही विचारलं नाहीत पण खरं ट्रेनिंग लागतं ते वेगळ्याच गोष्टीचं. माझा सिव्हिलमधला पहिला आठवडा सांगतो. सिस्टर म्हणाली, अठरा नंबरला पॅन आणि एमसेट द्या. मी ट्रॉलीपुढे उभा. पँटोप्रॅझोल, ऑन्डॅनसेट्रॉन मला झोपेत माहीत, पण आमच्याकडे औषध जेनेरिक नावाने आणि पीव्हीएमएस, म्हणजे आर्मीच्या औषधयादीतल्या नंबरने यायचं, हे पॅन न् एमसेट कोण? बावीस वर्षांची पोरगी आली, दोन्ही इंजेक्शनं माझ्या हातात ठेवून म्हणाली, "काका, हे घ्या." त्या रात्री मी वही घातली, डावीकडे जेनेरिक, उजवीकडे ब्रँड, महिन्यात शंभर-सव्वाशे नावं झाली. आज माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी तीच वही करायला लावतो.

दुसरं, पेशंट वेगळा. आपण तरुण, फिट जवान बघितलेले, शुगर-बीपीच्या सहा गोळ्या चालू असलेली पंच्याहत्तर वर्षांची आजी युनिटमधे कुठे असते? लहान मुलाची शीर शोधणं, बाळंतीण, हे सगळं नव्याने. आणि नातेवाईक! एकदा कॅज्युअल्टीत वीस माणसं घुसली, मी परेडच्या आवाजात ओरडलो, एका पेशंटमागे एक माणूस, बाकीचे बाहेर. बाहेर गेले सगळे, पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझ्या नावाची तक्रार. आमच्या ॲडमिनने समजावलं, इथे ऑर्डर चालत नाही, हात जोडून तेच वाक्य बोला. त्यानंतर कॅशलेस विमा, टीपीए म्हणजे विम्याचे दावे बघणारी मधली कंपनी, कॉम्प्युटरवर नोट्स टाकणं, हे शिकायला दोन-तीन महिने जातातच. मिस्टरांना वयाने लहान सिस्टरच्या हाताखाली काम करावं लागेल, हे घरी बोलून ठेवा. मी बघितलंय, माणूस कामात कमी पडून सोडत नाही, इथे दुखावतो आणि सोडतो.

सहज आठवलं म्हणून सांगतो. अमेरिकेत १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी फिजिशियन असिस्टंटचा पहिला वर्ग काढला तेव्हा विद्यार्थी चारच होते आणि चौघेही नेव्हीतून आलेले कोअरमन, म्हणजे तिकडचे एन.ए.च म्हणा ना. १९६७ ला त्यातले तिघं पास होऊन बाहेर पडले आणि त्यातून अख्खा नवा पेशा उभा राहिला. जे येतंय ते धरून उरलेलं शिकवलं त्यांनी. एन.ए.साठी असा खास वर्ग मला आपल्याकडे अजून तरी भेटलेला नाही, त्यामुळे ज्याचा त्याने आपला पूल बांधायचा.

तो बांधायचं सामान मात्र युनिटमधूनच आणावं लागतं, म्हणून हे आठ महिने महत्त्वाचे. सगळ्या कोर्सची सर्टिफिकेटं, क्लास थ्री पासून वन पर्यंत, ओरिजिनल. शक्य असेल तर कोर्सचा सिलॅबस आणि तास लिहिलेला कागद, कारण उद्या परिषदेला अर्ज केला तर तासच विचारतील, आणि तेव्हा लखनौला रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करत बसण्यात महिने जातात. मग अनुभवाचं पत्र. डिस्चार्ज बुकात कॅरेक्टर एक्झम्प्लरी लिहिलेलं असतं, छान वाटतं, पण एचआरला त्याचा उपयोग शून्य. त्यांना पाहिजे असतं आयसीयू चौदा महिने, सर्जिकल वॉर्ड दोन वर्षं, फील्ड हॉस्पिटल तीन वर्षं, व्हेंटिलेटर, सक्शन, ईसीजी, कॅथेटर, ड्रेसिंग हे स्वतः केलं. हॉस्पिटलच्या लेटरहेडवर, शिक्क्यासकट. साहेबांना हातात मसुदा लिहून दिला तर सही करतात, "साहब, एक्सपिरियन्स लेटर चाहिए" एवढंच म्हटलं तर शिस्तप्रिय आणि मेहनती असं दोन ओळींचं मिळतं.

डीजीआरचा, म्हणजे संरक्षण खात्याच्या पुनर्वसन महासंचालनालयाचा रिसेटलमेंट कोर्स निघण्याआधी मिळतो, त्यात बरेच जण सिक्युरिटी नाहीतर कॉम्प्युटर घेतात, मेडिकलशी संबंधित काही मिळत असेल तर ते घ्या, नाहीच तर कॉम्प्युटर चालेल, सिक्युरिटी नको. बीएलएस, म्हणजे हृदय बंद पडलेल्याला वाचवायचं प्राथमिक ट्रेनिंग, पण करून घ्या, एका दिवसाचं काम आहे, कार्ड दोन वर्षं चालतं. आल्यावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंद पहिल्या आठवड्यातच.

पैशाचं एकच सांगतो. कम्युटेशनची, म्हणजे पेन्शनचा काही भाग सोडून एकरकमी मिळणारी, आणि ग्रॅच्युइटीची रक्कम एकदम हातात येते आणि पहिल्या महिन्यात स्लॅब पडतो नाहीतर दारात गाडी उभी राहते. दोन वर्षांची फी आणि घरखर्चाला पेन्शन कमी पडेल तेवढे आधी बाजूला काढा, मग स्लॅब.

थोडक्यात माझा क्रम असा, आल्याबरोबर ईसीएचएस किंवा ओएचसीत जिथे क्लास वनवर घेतील तिथे लागायचं, झेडपीची जाहिरात आली की फॉर्म भरायचा, आणि वर्षभरात अंदाज घेऊन डायलिसिस, ओटी किंवा डी.फार्म यातलं एक धरायचं. कोर्स चालू असताना पूर्ण वेळ नोकरी होणार नाही, हजेरी लागते.

आणि हो, आज रात्री फोन आला की एक विचारा, रेकॉर्डमधे नाव कसं लावलंय. बारावीच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, आर्मीत नाव आधी, आधारवर वडलांचं नाव अर्धंच, असं असेल तर दुरुस्ती सर्व्हिसमधे असतानाच करून घ्या. ते मार्कलिस्टही शोधून काढा, ट्रंकेत असेल तर झुरळांच्या आधी. क्लास वनचं काय ते कळलं की इथेच लिहा, मग पुढचं सांगतो.